थडग्यातून काचपेटीत : तुतनखामेनच्या ५,३९८ वस्तू

तुतनखामेन हा प्राचीन इजिप्तच्या अठराव्या राजवंशातला एक दुय्यम राजा. इसवी सनापूर्वी १३३२ च्या सुमारास, आठ-नऊ वर्षांचा असताना तो गादीवर बसला आणि विशी गाठण्याच्या आतच वारला. त्याच्या आधीच्या अखेनातेनने जुने देव बाजूला सारून आतेन या सूर्यबिंबाची उपासना राज्यावर लादली होती. तुतनखामेनच्या काळात जुनी देवळे पुन्हा उघडली आणि खुद्द राजाचे ‘तुतनखातेन’ हे नावही बदलले. तरीही पुढच्या राजांनी या सगळ्या पर्वालाच कलंक मानले आणि अधिकृत राजावळीतून अखेनातेनबरोबर तुतनखामेनचेही नाव गाळले. विस्मरणात गेलेल्या या पोराचे नाव आज रामसेस किंवा खुफूसारख्या बलाढ्य राजांपेक्षा जास्त लोकांना ठाऊक आहे, ते त्याच्या थडग्यात सापडलेल्या ५,३९८ वस्तूंमुळे.

लक्सरजवळ नाईलच्या पश्चिम तीरावर राजांची दरी आहे. तिथल्या बहुतेक थडग्यांवर प्राचीन काळातच चोरांनी हात साफ केले होते. तुतनखामेनचे थडगेही दोनदा फुटले. दफनानंतर थोड्याच काळात चोर आत शिरले आणि सुगंधी तेले व सहज खिशात घालता येतील असे दागिने घेऊन गेले. एका पेटीत सोन्याच्या अंगठ्यांची पुरचुंडी सापडली. कापडाच्या टोकाला गाठ मारून बांधलेल्या या अंगठ्या बहुधा चोराकडून पहारेकऱ्यांनी हिसकावल्या आणि आवराआवर करताना हाताला लागेल त्या पेटीत टाकून दिल्या. त्यानंतर पहारेकऱ्यांनी दारे पुन्हा लिंपून शिक्के मारले. पुढे सुमारे दोनशे वर्षांनी शेजारी सहाव्या रामसेसचे थडगे खोदले गेले, तेव्हा निघालेला दगडमातीचा राडारोडा आणि मजुरांच्या झोपड्या नेमक्या या दारावर आल्या. त्यामुळे त्या झोपड्यांखाली काही आहे याचा कोणालाच पत्ता उरला नाही.

अमेरिकन धनिक थिओडोर डेव्हिस याने अनेक वर्षे दरी खणल्यावर १९१२ मध्ये जाहीर केले की इथे आता काही उरलेले नाही. हॉवर्ड कार्टरला ते पटले नाही. कार्टर सतरा वर्षांचा असताना, १८९१ मध्ये, भिंतींवरची चित्रे उतरवून घेणारा चित्रकार म्हणून इजिप्तमध्ये आला होता. विद्यापीठाची पदवी त्याच्याकडे नव्हती. पुढे तो पुरातत्त्व खात्यात निरीक्षक झाला, फ्रेंच पर्यटकांशी झालेल्या एका भांडणानंतर माफी मागायला नकार देऊन नोकरी सोडून बसला, आणि अखेर लॉर्ड कार्नार्व्हन या ब्रिटिश उमरावाच्या पैशावर उत्खनन करू लागला. १९१७ पासूनच्या हंगामांत हाती फारसे काही आले नाही आणि कार्नार्व्हनचा उत्साह मावळू लागला. ४ नोव्हेंबर १९२२ रोजी त्या झोपड्यांखाली खडकात कोरलेली एक पायरी उघडी पडली. खाली आणखी पंधरा पायऱ्या होत्या. २६ नोव्हेंबरला दुसऱ्या दाराला भोक पाडून कार्टरने मेणबत्तीच्या उजेडात आत डोकावून पाहिले.

आत चार खोल्या होत्या. एकूण क्षेत्रफळ जेमतेम ११० चौरस मीटर, म्हणजे मुंबईतल्या एका ऐसपैस फ्लॅटएवढे. त्यात सहा रथ, पलंग, खुर्च्या, धनुष्ये, काठ्या, पेट्या, मद्याचे रांजण, मृताची चाकरी करण्यासाठी ठेवलेल्या ४१३ छोट्या मूर्ती, चार सोनेरी देव्हारे, त्यांच्या आत दगडी शवपेटी आणि तिच्यात एकात एक बसवलेल्या तीन शवपेट्या अशी दाटी होती. पहिल्या खोलीत तर सुटे केलेले रथ आणि पलंग एकमेकांवर असे रचले होते की एक वस्तू उचलली तर दुसरी कोसळावी.

या शोधाचे खरे मोल इथून पुढे ठरले. त्याआधी शंभर वर्षे इजिप्तमधल्या वस्तू कशा बाहेर काढल्या जात, ते आठवले की फरक कळतो. जोव्हानी बेल्झोनी या इटालियन धाडशाने १८१७ मध्ये पहिल्या सेतीचे थडगे उघडले आणि १८२१ मध्ये लंडनच्या पिकॅडिलीत त्याच्या दालनांची प्रतिकृती उभारून तिकीट लावले. इजिप्तविषयीचे हे पहिले मोठे लोकप्रिय प्रदर्शन. पण बेल्झोनी आणि त्याच्या समकालीनांना हवा होता तो डोळे दिपवणारा ऐवज. तो कुठे, कशाशेजारी, कोणत्या थरात होता याच्याशी त्यांना फारसे देणेघेणे नव्हते. कार्टरने नेमके याच गोष्टीला हात घातला. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयाने आपला छायाचित्रकार हॅरी बर्टन आणि जतनतज्ज्ञ आर्थर मेस त्याच्या मदतीला दिले. रसायनशास्त्रज्ञ आल्फ्रेड लुकास आणि अभियंता आर्थर कॅलेंडरही आले. अहमद गेरिगर, गाद हसन, हुसेन अबू अवाद आणि हुसेन अहमद सईद हे इजिप्शियन मुकादम आणि त्यांच्या हाताखालचे मजूर यांच्यावाचून यांपैकी कोणाचेच काम पुढे सरकले नसते. जगभरच्या वर्तमानपत्रांनी मात्र त्यांची नावे क्वचितच छापली.

कामाची शिस्त ठरलेली होती. वस्तूला हात लावण्याआधी तिच्याशेजारी क्रमांकाचा कागद ठेवायचा, बर्टनने छायाचित्र काढायचे, मग आराखड्यावर जागा दाखवायची आणि नंतरच वस्तू उचलायची. प्रत्येकीसाठी स्वतंत्र कार्ड, त्यावर मापे, वर्णन, रेखाटन. दरीतच दुसऱ्या सेतीचे रिकामे थडगे होते, तिथे प्रयोगशाळा मांडली. दुसऱ्या एका थडग्यात बर्टनची काळोखी खोली होती. क्रमांक २१ ची लाकडी पेटी घ्या. तिच्यावर राजा रथातून शिकार आणि युद्ध करतानाची रंगीत चित्रे आहेत. आत मण्यांचे जोडे, कपडे आणि दागिने कसेही कोंबलेले होते. मण्यांचा दोरा कुजलेला असल्याने जोड्याला बोट लागले तरी मणी घरंगळत. म्हणून वितळलेले मेण ओतून ते जागच्या जागी घट्ट केले आणि मग उचलले. ही एक पेटी रिकामी करायला तीन आठवडे लागले. पेटीही त्रास द्यायची राहिली नाही. थडग्यातल्या दमट हवेतून कोरड्या हवेत येताच लाकूड आकसले, वरचा चुन्याचा रंगीत लेप फुगून सुटू लागला, आणि तिच्यावरही मेणाचाच उपाय करावा लागला. अशा गतीने सगळे थडगे रिकामे व्हायला दहा वर्षे लागली. शेवटच्या वस्तू १९३२ मध्ये कैरोला रवाना झाल्या.

वाहतूक हा वेगळाच पसारा होता. मे १९२३ मध्ये पहिल्या हंगामातले ३४ मोठे खोके दरीपासून नाईलपर्यंत सुमारे ९ किलोमीटर न्यायचे होते. हलक्या रेल्वेचे रूळ मोजकेच होते. मजूर खोक्यांच्या वाघिणी ढकलत, मागचे रूळ उपटत आणि पुढे आणून टाकत. उन्हात लोखंडाला हात लावणे मुश्कील होते, आणि नदी गाठायला एकंदर पंधरा तास लागले.

याच काळात इजिप्तमधली सत्ता पालटत होती. ब्रिटिशांनी फेब्रुवारी १९२२ मध्ये इजिप्तला, निदान कागदावर, स्वातंत्र्य दिले होते. इतके दिवस रीत अशी होती की परदेशी उत्खननात जे सापडेल त्याची खोदणारा आणि इजिप्त सरकार यांच्यात वाटणी व्हायची. बर्लिनमधला नेफरतितीचा अर्धपुतळा १९१२ च्या उत्खननातून अशाच वाटणीत जर्मनीला गेला आणि त्यावरचा वाद आजही चालू आहे. तुतनखामेनच्या वस्तूंतून आपल्यालाही वाटा मिळेल अशी कार्नार्व्हनची अपेक्षा होती. त्यातच त्याने बातम्यांचे हक्क लंडनच्या ‘टाइम्स’ला विकले. आपल्याच राजाच्या थडग्याची बातमी इजिप्शियन पत्रकारांना लंडनच्या मार्गाने मिळू लागली, याचा संताप उसळणे साहजिकच होते. फेब्रुवारी १९२४ मध्ये दगडी शवपेटीचे झाकण उचलल्यावर सहकाऱ्यांच्या बायकांना थडगे दाखवण्यास सरकारने मनाई केली. कार्टरने रागाने काम थांबवले आणि सरकारने थडग्याला कुलूप ठोकले. सव्वा टनाहून जड ते झाकण तसेच दोरांवर टांगलेले होते. पुढच्या वर्षी कार्टर परतला तो सरकारच्या अटींवर. सगळा संग्रह इजिप्तमध्येच राहिला आणि १९३० मध्ये कार्नार्व्हन कुटुंबाला खर्चापोटी सुमारे ३६,००० पौंड मिळाले. साम्राज्याच्या त्या काळात हा निकाल मोठाच म्हणायला हवा. तुतनखामेनचा ऐवज जगभर विखुरला नाही तो यामुळे. तरी थोडी गळती झालीच. मेट्रोपॉलिटन संग्रहालयाकडे गेलेल्या १९ छोट्या वस्तू याच थडग्यातल्या असल्याचे त्या संग्रहालयाने स्वतः मान्य केले आणि २०१० मध्ये त्या परत देण्याचे ठरवले.

ममीच्या वाट्याला मात्र वस्तूंना मिळालेली काळजी आली नाही. सर्वांत आतली शवपेटी ११० किलो सोन्याची होती, आणि अंत्यविधीत ओतलेली राळ घट्ट होऊन ममी व तिच्या चेहऱ्यावरचा मुखवटा पेटीला चिकटून बसले होते. उन्हात ठेवून राळ वितळवण्याचा प्रयत्न फसला. नोव्हेंबर १९२५ मध्ये शरीरशास्त्रज्ञ डग्लस डेरी आणि सालेह बे हमदी यांनी तपासणी केली तेव्हा तापवलेल्या सुऱ्यांनी मुखवटा सोडवावा लागला आणि शरीर सांध्या-सांध्यांवर वेगळे झाले. कार्टरच्या पुस्तकात हे सरळ सांगितलेले नाही. १९६८ मध्ये लिव्हरपूलच्या पथकाने क्ष-किरण काढायला पेटी उघडली, तेव्हा वाळूच्या ताटात मांडलेले तुकडे समोर आले. २००५ चे सीटी स्कॅन आणि २०१० ची डीएनए तपासणी यांनी राजाचे वय सुमारे एकोणीस ठरवले, हिवतापाचे जंतू दाखवले आणि त्याचे आईवडील सख्खे बहीणभाऊ असल्याचे सांगितले. मृत्यूचे कारण मात्र सर्वांना पटेल असे सिद्ध झालेले नाही.

थडगे उघडणाऱ्यांना शाप बाधला, या गोष्टीलाही इथेच निरोप देता येईल. कार्नार्व्हन ५ एप्रिल १९२३ रोजी कैरोत वारला, तो डास चावलेली जागा वस्तऱ्याने कापून झालेल्या रक्तातल्या जंतुसंसर्गाने. बातम्यांचे हक्क नसलेल्या वर्तमानपत्रांना छापायला काहीतरी हवेच होते. थडग्यात पहिल्यांदा शिरलेल्यांपैकी त्याची मुलगी एव्हलिन १९८० पर्यंत जगली आणि कार्टर १९३९ पर्यंत.

कैरोच्या तहरीर चौकातले संग्रहालय १९०२ मध्ये उघडले होते. तुतनखामेनच्या वस्तू तिथे पोचल्या खऱ्या, पण वरच्या मजल्यावरच्या दालनांत मावतील तितक्याच मांडता आल्या. बाकीच्या कोठारांत राहिल्या. तुतनखामेनच्या वस्तूंना जगाची दारे उघडली ती आस्वानच्या धरणामुळे. धरणाच्या पाण्याखाली अबू सिंबेल आणि फिले यांसारखी देवळे जाणार होती, आणि १९६० मध्ये युनेस्कोने त्यांच्या बचावाची मोहीम सुरू केली. त्या मोहिमेकडे जगाचे लक्ष वेधण्यासाठी १९६१ मध्ये ३४ छोट्या वस्तू अमेरिकेला गेल्या. १९६७ मध्ये पॅरिसच्या प्रदर्शनात ४५ वस्तू होत्या आणि बारा लाखांवर लोक आले. शोधाला पन्नास वर्षे झाली म्हणून १९७२ मध्ये ब्रिटिश म्युझियममध्ये ५० वस्तू मांडल्या. तिकीट होते ५० पेन्स. लोक तासन् तास रांगेत उभे राहिले, सोळा लाखांहून अधिक जणांनी ते पाहिले आणि नफा फिलेच्या देवळांच्या कामासाठी गेला. १९७६ ते १९७९ या काळात ५५ वस्तू अमेरिकेच्या शहरांतून फिरल्या. निक्सन आणि सादात यांच्यातल्या नव्या मैत्रीचे ते फळ होते. सुमारे ८० लाख लोकांनी ते प्रदर्शन पाहिले आणि संग्रहालयांना तिकिटे, रांगा व आठवण म्हणून विकायच्या वस्तू यांचे अर्थशास्त्र उमगले.

या प्रदर्शनांनी इजिप्तला पैसा आणि मित्र मिळवून दिले, पण तुतनखामेनचे चित्र काहीसे वाकडेही केले. काळोख्या दालनात प्रकाशाचा झोत पडलेली सोन्याची वस्तू, असा मामला सगळीकडे होता. राजाची लिननची अंतर्वस्त्रे, पक्ष्याच्या आकाराच्या लाकडी डब्यांत ठेवलेले मांस, टोपल्यांतले धान्य आणि फळे यांना प्रवासाचे भाग्य बहुतेक लाभले नाही. इतिहासकारांना मात्र यांतूनच जास्त कळते. मद्याच्या रांजणांवर शाईने राज्यवर्ष, द्राक्षमळा आणि मद्य बनवणाऱ्याचे नाव लिहिलेले आहे.  राजाने नऊएक वर्षे राज्य केले असे म्हणतात त्याचा मोठा आधार या नोंदी. राजाच्या अंगावर सापडलेला लोखंडी पात्याचा खंजीरही तसाच. २०१६ मध्ये इटालियन आणि इजिप्शियन संशोधकांनी क्ष-किरणांनी तपासून दाखवले की त्यातल्या निकेल आणि कोबाल्टचे प्रमाण उल्केतल्या लोखंडाशी जुळते. पाते आकाशातून पडलेल्या धातूचे आहे.

प्रवासाची किंमतही मोजावी लागली. १९८० च्या सुमारास जर्मनीतल्या प्रदर्शनात सेल्केत देवीच्या सोनेरी पुतळ्याला इजा झाली आणि वस्तू बाहेर पाठवणे थांबले, ते थेट २००४ पर्यंत. त्यानंतर बाझेल, लॉस एंजेलिस, लंडन इथे संच गेले, पण मुखवटा कैरोतच राहिला. १५० वस्तूंचे शेवटचे मोठे प्रदर्शन २०१८ मध्ये निघाले. २०१९ मध्ये पॅरिसला चौदा लाखांवर लोक आले आणि लंडनमध्ये मार्च २०२० मध्ये कोरोनाने दारे बंद केली.

घरातही धोका होताच. ऑगस्ट २०१४ मध्ये कैरोच्या संग्रहालयात दिवा बदलताना मुखवट्याची दाढी सुटली आणि कोणीतरी ती इपॉक्सी डिंकाने घाईघाईत चिकटवली. पिवळसर डिंक हनुवटीवर दिसत होता. तो खरवडताना ओरखडेही पडले. जर्मन जतनतज्ज्ञ ख्रिस्तियान एकमान याच्या पथकाने २०१५ च्या अखेरीस लाकडी अवजारांनी डिंक काढला आणि दाढी मधमाशांच्या मेणाने बसवली. ते प्राचीन इजिप्तलाही माहीत होते, आणि उद्या पुन्हा सोडवायची वेळ आली तर सोन्याला धक्का न लागता सुटते. जतनशास्त्रातला हा पहिला नियम : आज केलेले काम उद्या उलटवता आले पाहिजे. कार्टरच्या काळातल्या भरपूर मेणाने मात्र आजच्या तज्ज्ञांची बरीच मेहनत वाढवली आहे.

ममी न उघडता दाखवण्याचा मार्गही संग्रहालयांनी शोधला. कार्नाकचा पुरोहित नेस्पेरेन्नुब इसवी सनापूर्वी ८०० च्या सुमारास वारला. ब्रिटिश म्युझियमने त्याच्या बंद ममीचे सीटी स्कॅन करून त्रिमितीय चित्रफीत केली. त्यात डोक्यामागे चिकटलेला मातीचा वाडगा दिसला. राळ गोळा करायला तो ठेवला असावा, पण ती घट्ट झाली आणि वाडगा निघेना, म्हणून तसाच गुंडाळला. नोव्हेंबर २०१२ मध्ये हे प्रदर्शन मुंबईत छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात आले होते. सयाजीराव गायकवाडांनी उभारलेल्या बडोद्याच्या संग्रहालयातही एक इजिप्शियन ममी आहे. ती मात्र जुन्या, गोळा करून आणण्याच्या काळातली.

इजिप्तमध्ये आता हा संग्रह गिझाच्या पिरॅमिडांजवळच्या नव्या भव्य संग्रहालयात आहे. २००२ मध्ये पायाभरणी, पुढच्या वर्षी हेनेगन पेंग या आयरिश वास्तुविशारदांची निवड, जपानचे कर्ज, २०११ ची क्रांती, कोरोना, अशी तेवीस वर्षे उलटून १ नोव्हेंबर २०२५ रोजी त्याचे उद्घाटन झाले. दारातच दुसऱ्या रामसेसचा ८३ टनांचा पुतळा उभा आहे. तो २००६ पर्यंत कैरोच्या रेल्वे स्थानकासमोर मोटारींचा धूर खात होता. तुतनखामेनच्या सगळ्या वस्तू एका जागी मांडण्याची ही पहिलीच वेळ, म्हणजे शोधानंतर १०३ वर्षांनी. तिथे मुखवट्याइतकेच रांजण, जोडे आणि कपडेही पाहायला मिळतात. कार्टरने थडग्यातच ठेवलेली सर्वांत बाहेरची लाकडी शवपेटी २०१९ मध्ये प्रथमच बाहेर काढून नव्या प्रयोगशाळेत आणली. तिच्यावरचा सोन्याचा लेप जागोजागी सुटलेला होता.

दरीतले थडगेही आता वेगळ्या कारणाने जपावे लागते. रोज येणाऱ्या पर्यटकांच्या श्वासाने आतली आर्द्रता वाढते आणि चित्रांवर धूळ बसते. लॉस एंजेलिसच्या गेटी जतन संस्थेने २००९ पासून सुमारे दहा वर्षे तिथे काम करून हवा खेळती ठेवणारी यंत्रणा, नवे दिवे आणि लाकडी मार्गिका बसवल्या. भिंतींवरचे तपकिरी डाग केव्हाच मेलेल्या बुरशीचे असल्याचे त्यांच्या तपासणीत दिसले. गर्दी वाटून जावी म्हणून २०१४ मध्ये कार्टरच्या जुन्या घराजवळ दफनखोलीची हुबेहूब प्रतिकृती उघडली. इतर राजांच्या ममी २०२१ मध्ये मिरवणुकीने कैरोतल्या फुस्तात भागातल्या संग्रहालयात गेल्या, पण तुतनखामेनची ममी दरीतच, हवा-तापमान नियंत्रित काचपेटीत आहे. तिच्याबरोबर मूळ जागी उरले आहे ते लाल दगडाची शवपेटी आणि दफनखोलीच्या चार भिंतींवरची चित्रे.